जर्मनीत मास्टर्स करायचंय? मग ऑक्टोबरपासून मागे मोजत या

मे महिना लागला की ओळखीपाळखीतून फोन यायला लागतात. मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, परीक्षा तोंडावर आलेली, आणि पलीकडून प्रश्न येतो, "ताई, जर्मनीचे फॉर्म कधी निघतात?" उत्तर देताना मला फार वाईट वाटतं. त्या वर्षीच्या कितीतरी चांगल्या कोर्सेसची मुदत तोवर उलटून गेलेली असते, आणि ज्यांची उरलेली असते त्यांच्यासाठी लागणारे कागद हातात नसतात.

आम्ही साताऱ्याचे. आमची मुलगी मेकॅनिकलची पदवी घेऊन ऑक्टोबर २०२४ च्या सत्रासाठी जर्मनीला गेली. घरात आधी कुणी परदेशी शिकलेलं नव्हतं. त्या दीड वर्षात मी जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. आपलं वेळापत्रक जर्मन विद्यापीठाच्या तारखेमुळे फारसं कोलमडत नाही, ते कोलमडतं आपल्याकडच्या कागदांमुळे. जर्मनीची तारीख बरीच आधी जाहीर असते. गुणपत्रिकेतल्या नावाची दुरुस्ती कधी होऊन येईल, हे मात्र कुणीही सांगू शकत नाही.

तिथे कॅप राउंड नाही

आपल्याला सवय सीईटी सेलची. एक फॉर्म, एक गुणवत्ता यादी, एक कॅप राउंड, मग दुसरा. जर्मनीत असं काही नाही. प्रत्येक विद्यापीठ वेगळं, आणि एकाच विद्यापीठातल्या दोन कोर्सेसच्या तारखासुद्धा वेगळ्या. सत्रं दोन. हिवाळी सत्र विद्यापीठांमध्ये १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि प्रत्यक्ष वर्ग ऑक्टोबरच्या मध्याला भरतात. उन्हाळी सत्र १ एप्रिलला सुरू होतं. इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सच्या बहुतेक जागा हिवाळी सत्राच्या असतात, म्हणून हा लेख त्याच सत्राला धरून आहे.

हिवाळी सत्राची शेवटची तारीख १५ जुलै, हे वाक्य तुमच्या कानावर हमखास पडेल. ते पूर्ण खोटं नाही, पण त्यावर विसंबू नका. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांची मुदत बऱ्याच ठिकाणी कितीतरी आधी संपते. आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात बहुतेक मास्टर्ससाठी आपल्याला १ मार्चच्या आत अर्ज करावा लागतो. म्युनिकच्या टीयूएम या तंत्र विद्यापीठात पुष्कळ कोर्सेसची मुदत ३१ मेला संपते, काहींची त्याहून आधी. डीएएडी या परदेशी विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या जर्मन संस्थेच्या संकेतस्थळावर आंतरराष्ट्रीय कोर्सेसची यादी आहे, तिथून सुरुवात करा. पण तारीख वहीत लिहायची ती त्या कोर्सच्या स्वतःच्या पानावरची.

मागे मोजायचं ते असं

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. मी ऑक्टोबरच्या पानापासून उलटी सुरुवात केली. सप्टेंबरच्या अखेरीला विमान, म्हणजे ऑगस्टपर्यंत व्हिसा हातात हवा. व्हिसाला दोन-तीन महिने धरले, तर मे-जूनमध्ये अर्ज गेला पाहिजे. त्या अर्जासोबत प्रवेशपत्र आणि ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे वर्षभराचा खर्च आधीच जमा केलेल्या खात्याचा, कागद लागतो, म्हणजे पैशांची जुळवाजुळव मार्च-एप्रिलमध्ये. प्रवेशपत्र मे-जूनपर्यंत यायचं तर अर्ज डिसेंबर ते मार्चमध्ये गेलेले हवेत. अर्जाला एपीएसचं, म्हणजे आपले शैक्षणिक कागद तपासणाऱ्या दिल्लीतल्या कार्यालयाचं, प्रमाणपत्र लागतं, म्हणून एपीएसचा अर्ज सप्टेंबरच्या सुमारास. आणि एपीएसला पाठवायच्या गुणपत्रिका निर्दोष हव्यात, म्हणजे त्या जून-जुलैमध्येच तपासून झालेल्या हव्यात.

बघा, ऑक्टोबरपासून निघून आपण आदल्या वर्षीच्या जूनमध्ये येऊन पोचलो. तेव्हा मूल तिसरं वर्ष संपवून घरी आलेलं असतं. खरी सुरुवात ती सुट्टी.

तिसऱ्या वर्षाची सुट्टी: नाव एकदा जुळवून घ्या

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं.

दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, इंजिनिअरिंगच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पासपोर्ट आणि आधार कार्ड टेबलावर एका ओळीत मांडा. आता फक्त नाव वाचा, अक्षर न् अक्षर. आपल्याकडे बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनावाचा रकाना स्वतंत्र, आणि मुलीचं व वडिलांचं नाव एकत्र दुसऱ्या रकान्यात. हा क्रमातला फरक चालतो, तिकडच्या लोकांनाही तो एव्हाना कळतो. न चालणारं म्हणजे स्पेलिंगमधला फरक. वडिलांच्या नावात एका ठिकाणी शेवटी 'ए' आहे आणि दुसरीकडे नाही, एका गुणपत्रिकेवर मधलं नाव गळलंय, पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच आहे, असली प्रकरणं आत्ताच शोधून काढा.

आमच्या मुलीच्या पाचव्या सेमिस्टरच्या गुणपत्रिकेत वडिलांच्या नावातलं एक अक्षर कमी होतं. ती गुणपत्रिका वर्षभर घरातल्या फाइलमध्ये पडून होती. आम्ही टक्के पाहिले, नाव पाहिलंच नाही. लक्षात आलं तेव्हा सप्टेंबर उजाडला होता. कॉलेजच्या खिडकीवर अर्ज, तिथून विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे, मध्ये गणपतीची सुट्टी, मग 'साहेब दौऱ्यावर आहेत', मग दिवाळी. दुरुस्त गुणपत्रिका हातात यायला दहा आठवडे गेले. एका अक्षरापायी १ मार्चपूर्वीच्या दोन कोर्सेसना आम्हाला घाईघाईत, शेवटच्या आठवड्यात अर्ज करावे लागले.

पासपोर्ट नसेल तर तोही याच सुट्टीत काढा. असेल तर वैधता बघा. अठरा वर्षांच्या आत काढलेल्या पासपोर्टची मुदत बहुधा कमी असते, आणि ती व्हिसाच्या वेळेआधीच संपलेली असू शकते.

याच सुट्टीत विद्यापीठाकडे ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांच्या एकत्रित दाखल्याचा, अर्ज करून ठेवा, आणि अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेची पीडीएफ मिळवा. जर्मन विद्यापीठं नुसते गुण पाहत नाहीत. कुठल्या विषयाला किती क्रेडिट, त्यात काय शिकवलं, हे तपासून आपल्या पदवीचा त्यांच्या कोर्सशी मेळ बसतो का ते ठरवतात. काही ठिकाणी तर प्रत्येक विषयाचा तक्ता स्वतः भरून द्यावा लागतो. तेव्हा ती पुस्तिका हाताशी असली की चार रात्रींचं काम एका रात्रीत होतं.

इंग्रजीची परीक्षा, आणि थोडी जर्मन

आयईएलटीएस जुलै-ऑगस्टमध्ये देऊन टाका. निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे लवकर दिल्याने नुकसान काहीच नाही. बहुतेक कोर्सेस ६.५ मागतात, काही त्याहून जास्त. मनासारखे गुण नाही आले तर ऑक्टोबरमध्ये पुन्हा द्यायला जागा राहते. 'इंग्रजी माध्यमातून शिकलो' असं कॉलेजचं पत्र काही विद्यापीठं स्वीकारतात, पण पाच-सहा ठिकाणी अर्ज करायचे असतील तर परीक्षा दिलेली बरी.

काही कोर्सेस भारतीय विद्यार्थ्यांकडून जीआरई किंवा गेट या प्रवेशपरीक्षांचे गुणही मागतात. गेटची नोंदणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास होते आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. म्हणजे हे मार्चमध्ये कळून उपयोग नाही.

कोर्स इंग्रजीतून असला तरी मुलांनी जर्मन शिकूनच जावं, असं माझं ठाम मत आहे. खोली शोधताना, डॉक्टरकडे, सरकारी कचेरीत आणि पुढे नोकरीत जर्मनच चालते. पुण्यात आणि मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे, पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे वर्ग चालतात, आणि आता ऑनलाइन शिकवणारेही पुष्कळ आहेत. तिसऱ्या वर्षात ए-१ ही पहिली पातळी आणि शेवटच्या वर्षात ए-२ ही दुसरी झाली तर फार मोठं ओझं उतरतं.

एपीएस: इथे वेळ अडतो

१ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतीय अर्जदारांना एपीएसचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. दिल्लीतलं हे कार्यालय आपल्या शैक्षणिक कागदांची खातरजमा करतं. शुल्क १८,००० रुपये. ऑनलाइन नोंदणी करायची, पैसे भरायचे, अर्जाची छापील सही केलेली प्रत आणि कागदांच्या प्रती कुरियरने पाठवायच्या. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पदवी हातात येण्याची वाट पाहावी लागत नाही, तोवरच्या सेमिस्टरच्या गुणपत्रिकांवर अर्ज करता येतो.

पुष्कळ पालकांना वाटतं की हे फक्त व्हिसाच्या वेळी लागणार, म्हणून ते पुढे ढकलतात. पण अनेक विद्यापीठं प्रवेशअर्जासोबतच एपीएस मागतात. काम कधी महिन्याभरात होतं, कधी गर्दीच्या दिवसांत त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ जातो. एपीएस त्या कागदांची तुमच्या विद्यापीठाकडे किंवा बोर्डाकडे खातरजमा करू शकतं. तिकडून उत्तर यायला उशीर झाला, तर दिल्लीला कितीही ईमेल पाठवा, उपयोग होत नाही. म्हणून सप्टेंबर. फार तर ऑक्टोबर. प्रमाणपत्राला मुदत नसते, त्यामुळे या वर्षी प्रवेश नाही मिळाला तरी ते पुढच्या वर्षी चालतं.

पाठवण्यापूर्वी प्रत्येक पानाचा स्कॅन काढून ठेवा. मोबाइलने काढलेला वाकडा फोटो नको. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत तीनशे डीपीआयवर रंगीत स्कॅन करून, प्रत्येक फाइलला नीट नाव देऊन एका फोल्डरमध्ये ठेवा. पुढचे आठ महिने त्याच फाइली वापरायच्या आहेत.

कोर्स निवडताना हे गणित करून बघा

आपले गुण जर्मन श्रेणीत बदलायचं एक सूत्र आहे, त्याला बव्हेरियन सूत्र म्हणतात. तिथे १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. सर्वाधिक गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला सर्वाधिक आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा.

समजा मुलीचा सीजीपीए १० पैकी ८.२ आहे आणि उत्तीर्ण व्हायला ४ लागतात. १० वजा ८.२ म्हणजे १.८. त्याला ६ ने भागलं की ०.३, गुणिले तीन ०.९, अधिक एक, झाले १.९. उत्तम. पण विद्यापीठाने किमान उत्तीर्ण गुण ५ धरले, तर तेच गुण जवळजवळ २.१ होतात. म्हणून गुणपत्रिकेच्या मागे छापलेली श्रेणीची माहितीही स्कॅन करून जोडा. पुढच्या बाजूएवढीच ती मागची बाजू महत्त्वाची आहे.

बरेच कोर्सेस २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी मागतात. किमान ४ धरले तर ती सीजीपीए ७ ला येते. मुलाचे ६.८ असतील तर दार बंद झालं असं समजू नका. उपयोजित शिक्षण देणाऱ्या होखशूल नावाच्या संस्था आहेत, त्यांच्यात प्रकल्पांवर आणि उद्योगांतल्या कामावर भर असतो, आणि तिथून शिकलेल्या मुलांना नोकऱ्याही चांगल्या लागतात. त्यांचं हिवाळी सत्र अनेक ठिकाणी १ सप्टेंबरलाच सुरू होतं, ते तेवढं कॅलेंडरवर वेगळं मांडा.

आम्ही सात ठिकाणी अर्ज केले. दोन जिथे मिळेल की नाही शंका होती, तीन जिथे श्रेणी नीट बसत होती, दोन जिथे मिळेलच असं वाटत होतं. यापेक्षा जास्त अर्ज केले की प्रत्येकाकडे नीट लक्ष देता येत नाही.

खर्चही इथेच बघा. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीचं शुल्क नाही, सत्राची वर्गणी तेवढी भरावी लागते. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग या भागात, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. आणि टीयूएमने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला दर सत्राला ४,००० किंवा ६,००० युरो लावले आहेत. 'जर्मनीत सगळं फुकट' हे ऐकून घेतलेला निर्णय नंतर जड जातो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: शिफारसपत्रं आणि मुलाने स्वतः लिहायचं पत्र

प्राध्यापकांकडे शिफारसपत्र मागायला डिसेंबरात जाऊ नका, तेव्हा त्यांच्या डोक्यावर सेमिस्टरच्या परीक्षा असतात. दसऱ्याच्या सुमारास जावं. प्रकल्पाचा एक पानाचा गोषवारा आणि कोर्सेसची यादी सोबत न्यावी. पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, आणि खाली कॉलेजचा ईमेल. जीमेलचा पत्ता दिला तर काही ठिकाणी शंका घेतात.

आपण हा कोर्स का करतोय, हे सांगणारं पत्र मुलानेच लिहावं. एजंट तयार मजकूर देतात. तो शंभर मुलांना तोच दिलेला असतो आणि वाचणाऱ्याला ते दोन ओळींत कळतं. आमच्या मुलीने पहिल्या मसुद्यात 'लहानपणापासून मला यंत्रांची आवड' असं लिहिलं होतं. तिच्या सरांनी ते खोडून विचारलं, "सहाव्या सेमिस्टरला त्या पंपाची कार्यक्षमता तू कशी मोजलीस, ते का नाही लिहिलंस?" तिने तेच लिहिलं. पाइपला गळती लागली होती आणि तीन आठवडे आकडे चुकत होते, हेही लिहिलं. मला ते पत्र आजही आवडतं.

डिसेंबर ते जुलै: अर्ज

काही विद्यापीठांचं स्वतःचं पोर्टल असतं, काही युनि-असिस्ट या संस्थेमार्फत अर्ज घेतात. युनि-असिस्टचं शुल्क एका सत्रात पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. कागद तपासायला ते चार ते सहा आठवडे घेतात, आणि पैसे पोचल्याशिवाय काम सुरू करत नाहीत. म्हणून त्यांच्यामार्फतचा अर्ज मुदतीच्या आठ आठवडे आधी गेला पाहिजे. शेवटच्या दिवशी अर्ज केला आणि एक कागद कमी निघाला, तर तो सुधारायला वेळच उरत नाही. टीयूएमसारखी काही विद्यापीठं युनि-असिस्टकडून आधी पूर्वतपासणीचा एक कागद घ्यायला सांगतात. तोही आठवडे खातो.

आणखी एक. तिथली मुदत जर्मन वेळेनुसार असते. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. हा फरक आपल्या सोयीचा आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

पैसे: ३१ मार्चच्या अलीकडे की पलीकडे

व्हिसासाठी वर्षभराचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी जमा दाखवावा लागतो. आमच्या वेळी ही रक्कम ११,२०८ युरो होती, १ सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो झाली. दर महिन्याला त्यातले ९९२ युरो मुलाला काढता येतात. युरो शंभर रुपये धरला तर हे साधारण ११ लाख ९० हजार होतात. अर्ज करतेवेळी वकिलातीच्या पानावर चालू रक्कम बघून घ्या.

आता इथे आर्थिक वर्ष आडवं येतं. स्वतःच्या पैशांतून परदेशी पाठवलेली रक्कम एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेली, की वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कापून घेतलेला कर, वसूल करते. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची आहे, आधी ती ७ लाख होती. बँकेच्या शिक्षणकर्जातून पाठवलेल्या पैशांवर मात्र त्या तारखेपासून टीसीएस नाही. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्र भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो, पण ऐन गरजेच्या वेळी हातातून जातो. ही मर्यादा पाठवणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला वेगळी लागते. म्हणून काही रक्कम आईच्या आणि काही वडिलांच्या खात्यातून पाठवायची, का काही मार्चमध्ये आणि काही एप्रिलमध्ये, हे आपल्या सीएंशी जानेवारीतच बोलून घ्या.

कर्ज घेणार असाल तर बँकेत डिसेंबरमध्ये पहिली चक्कर मारा. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून एकाच अर्जात अनेक बँकांकडे मागणी करता येते. साडेसात लाखांच्या वर राष्ट्रीयीकृत बँका सहसा तारण मागतात, आणि गावाकडच्या माणसाची अडचण इथे होते. सातबारा घेऊन गेलात तर बँक बहुतेक नाही म्हणेल, कारण वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. बिगरशेती प्लॉट, घर, फ्लॅट किंवा मुदत ठेव लागते. मग वकिलाचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, गहाणखत. वारसनोंद राहिलेली असेल तर त्यातच दोन महिने जातात. आमच्या घराच्या उताऱ्यावर सासऱ्यांचं नाव होतं, ते उतरवून घ्यायला जानेवारी आणि फेब्रुवारी लागले. म्हणून म्हणते, तारणाचा उतारा मुलाच्या गुणपत्रिकेबरोबरच काढून बघा.

विद्यार्थ्यांना तिथे वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पण पहिल्या वर्षाचं गणित त्या कमाईवर बसवू नका. पहिलं सत्र भाषेत, थंडीत आणि परीक्षांत जातं.

काही शिष्यवृत्तींच्या तारखा प्रवेशपत्र येण्याच्याही आधीच्या असतात, हे बहुतेकांना उशिरा कळतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, तेव्हा कोर्स निवडतानाच त्या वर्षीची जाहिरात वाचा. १८९२ मध्ये सुरू झालेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज शिष्यवृत्ती सगळ्यांना खुली आहे. तिचे अर्ज हिवाळ्यात निघतात, प्रवेशपत्र हातात नसतानाच भरायचे असतात.

व्हिसा

महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या जर्मन वकिलातीच्या अखत्यारीत येतात. शुल्क ७५ युरो, रुपयांत भरायचं. प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटचा दाखला, आरोग्य विमा, आयईएलटीएस, सगळ्या गुणपत्रिका आणि पासपोर्ट, हे सगळं यादीत ज्या क्रमाने दिलंय त्याच क्रमाने लावा. पहिलं प्रवेशपत्र आलं की व्हिसाच्या कामाला लागा. आवडत्या विद्यापीठाच्या उत्तराची वाट पाहत जून घालवलेली मुलं मी पाहिली आहेत, वर्ग सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी ती पोचली.

आपल्याकडे शेवटच्या सेमिस्टरचा निकाल जुलैत लागतो, कधी ऑगस्टही उजाडतो. अनेक विद्यापीठं तोवरच्या गुणांवर सशर्त प्रवेश देतात आणि अंतिम निकाल नोंदणीच्या वेळी मागतात. निकाल लागल्याच्या दिवशीच तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्राचा अर्ज करा. पदवीदान समारंभाची वाट पाहू नका.

मूल अजून बारावीला असेल तर

थोडक्यात सांगते, कारण हे वेगळं प्रकरण आहे. नुसत्या बारावीवर जर्मन विद्यापीठात थेट प्रवेश मिळत नाही. एक वर्ष श्टुडिएनकोलेगमध्ये पूर्वतयारी करावी लागते, किंवा भारतात पदवीचं पहिलं वर्ष यशस्वीपणे पूर्ण करावं लागतं. जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असेल तर तांत्रिक विषयांचं दार थेट उघडतं. ब्रिटनचा विचार असेल तर यूकॅस या तिथल्या एकत्रित अर्जाच्या पोर्टलवर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीयची मुदत १५ ऑक्टोबरला संपते, इतर बहुतेक कोर्सेसची जानेवारीत. अमेरिकेचं कॉमन अॅप, म्हणजे अनेक कॉलेजांना एकत्र अर्ज करायचं पोर्टल, १ ऑगस्टला उघडतं, लवकरच्या फेरीची मुदत बहुधा नोव्हेंबरात आणि नेहमीची जानेवारीच्या सुरुवातीला. या दोन्ही देशांत शाळेकडून शिफारस आणि अपेक्षित गुण मागतात. आपल्या बऱ्याच ज्युनिअर कॉलेजांना ही पद्धत माहीत नसते, म्हणून प्राचार्यांना अकरावी संपतानाच भेटून सगळं समजावून सांगा. बारावीचा निकाल मेमध्ये लागतो, आणि अर्ज त्याच्या चार-सहा महिने आधीच गेलेले असतात.

निघायच्या आधी

प्रवेशपत्र यायच्या आधीच खोलीसाठी नाव नोंदवा. विद्यार्थ्यांची वसतिगृहं श्टुडिरेंडनवेर्क नावाची संस्था चालवते, आणि म्युनिकसारख्या शहरांत तिथली प्रतीक्षा यादी काही सत्रांची असते. खाजगी खोलीचे पैसे, खोली न पाहता, अनोळखी माणसाला आगाऊ पाठवू नका. चावी कुरियरने पाठवतो म्हणणारा नक्की फसवतोय असं समजा.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत तिथल्या नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो चावी घेतानाच मागून घ्यायला मुलाला सांगा. पत्त्याची नोंद झाली की बँक खातं, ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे आणि पुढचा निवास परवाना, सगळं मार्गी लागतं.

मूळ कागद चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. आमच्या मुलीच्या निळ्या फाइलमध्ये सगळ्यात वर ती दुरुस्त केलेली पाचव्या सेमिस्टरची गुणपत्रिका होती, आणि तिच्यामागे जुनी चुकीची प्रतही. दुरुस्तीची तारीख कुणी विचारलीच तर दाखवता यावी म्हणून मी ती मुद्दाम ठेवली होती.